गांवचा पारायण-सप्ताह

मराठी पंचांगांत भाद्रपद वद्य षष्ठीच्या समोर 'ज्ञानेश्वरी जयंती' असे दोन शब्द आढळतात. हा दिवस ज्ञानदेवांच्या जन्माचा नव्हे, त्यांच्या समाधीचाहि नव्हे. फार काय, ज्ञानेश्वरी ज्या दिवशीं रचून पुरी झाली तो दिवसहि हा नव्हे. शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४, ह्या वर्षीं पैठण येथें गोदावरीच्या कांठीं एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करण्याचें काम पुरें केलें, त्याची ही वार्षिक आठवण आहे. ग्रंथकर्त्यांच्या जयंत्या पाळणारे समाज जगांत पुष्कळ आहेत. परंतु एका ग्रंथाच्या हस्तलिखितांतील चुका दुरुस्त झाल्या, ह्या गोष्टीला सणाचा मान देणारा समाज विरळा. पाठशुद्धि ही वास्तविक विद्वानांच्या बैठकींतील बाब; ती लोकांच्या पंचांगांत कशी येऊन बसली? ह्या प्रश्नाचें उत्तर गांवोगांवच्या पारायण-सप्ताहांत सांपडतें. म्हणून आजच्या भाषणांत त्या सप्ताहाचा इतिहास थोडक्यांत पाहण्याचें योजिलें आहे.

सप्ताहाचें चित्र आपणांपैकीं अनेकांस परिचित असेल. सुगी आटोपल्यावर, किंवा श्रावणांत, किंवा ग्रामदेवतेच्या उत्सवास जोडून, गांवाच्या सोयीनें सात दिवस ठरतात. देवळापुढें मांडव पडतो, व्यासपीठावर ग्रंथ ठेवून त्याची पूजा होते आणि वीणा उभी राहते. ही वीणा सात अहोरात्र भुईवर टेकावयाची नाहीं असा दंडक आहे. विणेकऱ्यांचे पहारे लावलेले असतात आणि एकाच्या गळ्यांतून ती दुसऱ्याच्या गळ्यांत जाते. पहांटे काकडा, सकाळीं ज्ञानेश्वरीचें पारायण, दुपारीं गाथ्यावरील भजन, पुढें प्रवचन, सांजवेळीं हरिपाठ, रात्रीं कीर्तन आणि त्यानंतर जागर, असा साधारणतः दिवसाचा क्रम असतो. शेवटीं काल्याचें कीर्तन आणि गांवजेवण झालें, म्हणजे सप्ताहाची सांगता होते. पंगतींचा भार एकटा कोणी उचलीत नाहीं. घरोघर शिधा गोळा होतो, पाळीपाळीनें घरें वांटून घेतलीं जातात, आणि ज्याच्याजवळ देण्यासारखें कांहीं नाहीं तो मांडवांत पाणी वाढतो.

ह्या साऱ्या क्रमाचा कणा म्हणजे सकाळचें पारायण. 'पार' म्हणजे पलीकडचा तीर आणि 'अयन' म्हणजे जाणें. ग्रंथाच्या ह्या तीरावरून त्या तीरापर्यंत, मधील एकहि ओवी न गाळतां जाणें, हा त्या शब्दाचा अर्थ. तो किती कष्टाचा आहे हें आंकड्यांवरून ध्यानीं येईल. ज्ञानेश्वरीचे अध्याय अठरा आणि ओव्या सुमारें नऊ हजार. सात दिवसांची वांटणी केली तर रोज तेराशें ओव्यांच्या जवळपास वाचन झालें पाहिजे. म्हणजे सांवकाश आणि स्पष्ट वाचणाऱ्यांना रोजचे चार-पांच तास तरी मांडी मोडतां येत नाहीं. त्यांतहि अध्याय सारखे नाहींत. बारावा अध्याय अडीचशें ओव्यांच्या आंत आटोपतो, तर अठराव्यांत अठराशेंहून अधिक ओव्या आहेत. तेरावा आणि अठरावा हे दोनच अध्याय मिळून ग्रंथाचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापतात. म्हणून प्रत्येक दिवसाचा मुक्काम अगोदर ठरवावा लागतो, वाचनाची गति एकसारखी राखावी लागते, आणि ती राखणारा व्यासपीठचालक हा सप्ताहांतील मोठ्या जबाबदारीचा माणूस ठरतो. त्याचा सूर चढला तर वाचक दमतात, आणि तो घाईंत पडला तर शब्द गिळले जातात.

हा प्रकार कोठून आला? ह्याचें मूळ खुद्द ग्रंथाच्या जन्मांत आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील प्रवराकांठचें नेवासें हें तेव्हांहि एक क्षेत्र होतें. तेथें शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्यें, यादव राजा रामचंद्र राज्य करीत असतां, ज्ञानदेवांनीं गीतेवरील ही टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानदेव बोलले असें परंपरा मानते, तो 'पैसाचा खांब' आजहि तेथें उभा आहे. त्यावरील लेखांत करवीरेश्वराच्या दिव्याच्या तेलासाठीं दिलेल्या दानाची नोंद आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें खांबापेक्षां महत्त्वाची गोष्ट ही कीं, ज्ञानेश्वरी हा प्रथम बोललेला आणि मग लिहिलेला ग्रंथ आहे. त्यांत वक्ता पदोपदीं श्रोत्यांकडे वळतो. श्रोतेहि मधून मधून त्यास अडवितात, उत्तेजन देतात, मूळ विषयाकडे परत आणतात. नवव्या अध्यायाचा आरंभच मुळीं श्रोत्यांकडे अवधानाची मागणी करून झाला आहे. असा ग्रंथ एकांतांत मनाशीं वाचणाऱ्याला, समोर सभा असल्याचा भास झाल्याशिवाय राहत नाहीं. सभेंत जन्मलेला ग्रंथ पुढें सभेंतच वाचला जावा, हें साहजिक होतें.

तथापि पुढील पांचशें वर्षांहून अधिक काळ हें वाचन आजच्या पारायणासारखें नव्हतें. तो काळ हस्तलिखित पोथीचा. घोटलेल्या कागदाचीं सुटीं पानें, वर-खालीं लाकडी फळ्या आणि भोंवतीं रुमाल. नऊ हजार ओव्या बोरूनें उतरून काढावयाच्या म्हणजे महिनोगणतीचें काम. ज्या गांवीं एक संपूर्ण पोथी असेल तें गांव भाग्याचें. त्यामुळें वाचणारा एक आणि ऐकणारे शंभर, असा 'पोथी लावण्याचा' प्रकार होता. ऐकणाऱ्यांपैकीं बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पण वर्षानुवर्षें ऐकून ऐकून शेंकडों ओव्या त्यांच्या ओठीं बसलेल्या असत. कागदावरील ग्रंथ एकाच्या घरीं आणि कानांवरील ग्रंथ साऱ्या गांवांत, अशी ही वांटणी होती. परचक्र आलें, पूर आला, वाळवी लागली, तरी ग्रंथ समूळ नाहींसा होण्याची धास्ती ह्या वांटणीनें कमी झाली.

परंतु ज्या मुखांनीं ग्रंथ जगविला त्याच मुखांनीं तो बदललाहि. भाषा कोणासाठीं थांबत नाहीं. ज्ञानदेवांच्या काळची मराठी शे-दोनशें वर्षांत जुनी वाटूं लागली. 'आहे' ह्या अर्थाचा 'आथि' हा शब्द सभेसमोर वाचतांना, श्रोत्यांच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला कीं वाचणाऱ्यानें त्याच्या जागीं चालूं शब्द घालावा, हा मोह अगदीं मनुष्यस्वभावास धरून आहे. एखादा कठीण दृष्टांत सोपा करण्यासाठीं एखादा उत्साही वाचक पदरची एक ओवी जोडी. पुढील खेपेस कोणी त्या पोथीवरून नक्कल केली म्हणजे समासांतील ओवी ग्रंथांत शिरे, आणि तिसऱ्या पिढीस ती ज्ञानदेवांचीच वाटे. ह्यांत लबाडी कोणाची नव्हती. ग्रंथ श्रोत्यांस कळावा हीच सर्वांची तळमळ होती.

येथें वेदांची आठवण होते. वेदांच्या रक्षणासाठीं वैदिकांनीं पद, क्रम, जटा, घन अशा पाठांची तटबंदी उभारली होती. शब्द उलटसुलट क्रमानें पुनःपुन्हा म्हणावयाचे, म्हणजे एक अक्षर ढळलें तरी तें लागलीच कानास खटकावें. मराठी ओवीला असा कोट नव्हता. ओवीच्या पहिल्या तीन चरणांच्या अंतीं यमक असतें, तेवढाच काय तो पहारा. यमकाचा शब्द बदलला तर चाल मोडते, म्हणून तो सहसा टिकतो. परंतु चरणांच्या पोटांतील शब्दांना ना अक्षरसंख्येचें कडक बंधन, ना गणांचें. ओवीचा जो मोकळेपणा सर्वसामान्यांना गोड वाटला, त्याच मोकळेपणांतून पाठभेद आंत आले.

ज्ञानदेवांनंतर सुमारें तीनशें वर्षांनीं एकनाथांना ह्या स्थितीची जाणीव झाली. परंपरेंत एक आख्यायिका आहे. एकनाथांचा गळा दुखूं लागला. स्वप्नांत ज्ञानदेवांनीं सांगितलें कीं, आळंदीस समाधींत अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला वेढून बसली आहे, ती येऊन काढ. एकनाथ आळंदीस गेले, आणि त्यानंतर त्यांनीं ग्रंथशुद्धीचें कार्य हातीं घेतलें. इतिहासकार आख्यायिकेला पुरावा मानीत नाहीं. पण तिच्यांतील रूपक त्यानें डोळ्याआड करूं नये. ज्या लोकांनीं ही कथा सांगितली, त्यांना ग्रंथांत शिरलेला अपपाठ म्हणजे ग्रंथकर्त्याच्या गळ्याला बसलेला फांस वाटत होता. पाठशुद्धीचें महत्त्व ह्याहून नेमक्या प्रतिमेनें पंडितांनाहि सांगतां आलें नसतें.

काम पुरें झाल्यावर एकनाथांनीं आपल्या प्रतीच्या शेवटीं मोजक्या ओव्यांत त्याची नोंद केली. तारण संवत्सर, भाद्रपद मास, कपिलाषष्ठी, प्रतिष्ठान म्हणजे पैठण, असा स्थळकाळ त्यांत स्पष्ट दिला आहे. मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतीपात असे योग भाद्रपद वद्य षष्ठीस एकत्र आले म्हणजे कपिलाषष्ठी होते. त्यावरूनच आपण कोणत्याहि दुर्मीळ संधीला 'कपिलाषष्ठीचा योग' म्हणतों. त्या नोंदींतील आशय असा कीं, ग्रंथ मुळांत अत्यंत शुद्धच होता, पण पाठांतरामुळें त्यांत शुद्धाशुद्धाची सरमिसळ झाली होती. 'पाठांतर' हा शब्द येथें विचार करण्यासारखा आहे. तोंडपाठ करणें हाहि त्याचा अर्थ, आणि मूळ पाठाहून वेगळा पाठ हाहि त्याचा अर्थ. ज्या क्रियेनें ग्रंथ राहिला त्याच क्रियेनें तो बिघडला, हें सारें एका शब्दांत मराठी भाषेनें सांठवून ठेवलें आहे. एकनाथांनीं पुढें इशाराहि दिला कीं, ह्या ग्रंथांत कोणी आपली मराठी ओवी घालूं नये. स्वतः हजारों ओव्या रचणारा कवि दुसऱ्याच्या ग्रंथापुढें आपली लेखणी आंवरतो, आणि इतरांनाहि आंवरावयास सांगतो, हा संयम असामान्य खरा.

ह्याच तऱ्हेची घडामोड आपल्यापासून फार दूर, प्राचीन ग्रीस देशांतहि झाली होती. होमरचीं महाकाव्यें अथेन्स नगराच्या दर चार वर्षांनीं भरणाऱ्या मोठ्या उत्सवांत जाहीरपणें म्हटलीं जात. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांत तेथें असा नियम घातला गेला कीं, गायकांनीं आवडते भाग निवडून म्हणूं नयेत. जेथें एकानें थांबावें तेथूनच दुसऱ्यानें उचलावें, असें प्राचीन लेखक सांगतात. हें एका परीनें पारायणच झालें. पुढें दोन-तीन शतकांनीं अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयांत झेनोडोटस, ॲरिस्टार्कस इत्यादि विद्वानांनीं होमरच्या अनेक प्रती ताडून पाहिल्या आणि संशयित ओळींवर खुणा केल्या. उत्सव एकीकडे आणि संशोधन दुसरीकडे, असा तेथील प्रकार. कालांतरानें उत्सव संपला आणि होमर विद्वानांच्या हातीं राहिला. आपल्याकडे संशोधन करणारा आणि कीर्तनांत उभा राहणारा पुरुष एकच होता. पैठणास शोधलेली प्रत पुन्हां सभेंत गेली, आणि ज्या तिथीस ती सिद्ध झाली ती तिथि सभेनें आपल्या सणांत घेतली. आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर तें हेंच. सभेलाच त्या शुद्धीची गरज होती. म्हणून तिचा उत्सवहि सभेनेंच केला.

दुसरें मोठें स्थित्यंतर छापखान्यानें घडविलें. १८३२ सालीं 'दर्पण' पत्र काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनींच १८४५ मध्यें ज्ञानेश्वरी शिळाछापावर प्रथम प्रसिद्ध केली. एकनाथांच्या कपिलाषष्ठीपासून ह्या घटनेपर्यंत दोनशें एकसष्ट वर्षें लोटलीं होतीं. पुढील काळांत खिळ्यांच्या छपाईच्या प्रती निघाल्या, किंमती उतरल्या, आणि जी पोथी गांवांत एक असे ती घरांत एक आली. ह्याचा सप्ताहावर झालेला परिणाम आपल्या सहसा ध्यानांत येत नाहीं. आज मांडवांत शेंकडों स्त्रीपुरुष रांगेनें बसतात, प्रत्येकापुढें स्वतःचा ग्रंथ उघडलेला असतो, आणि सर्वजण एका सुरांत वाचतात. हें दृश्य आपण अनादि समजतों. पण प्रत्येकाच्या हातीं एकसारखी प्रत आल्यावांचून तें शक्यच नव्हतें. तेव्हां हें सामुदायिक पारायण म्हणजे जुन्या श्रवणपरंपरेचें छापखान्याच्या पोटीं आलेलें अपत्य होय. श्रोता येथें वाचक झाला. ज्याला अक्षरें जेमतेम लागतात त्यालाहि शेजाऱ्याच्या सुराचा आधार मिळतो; कानानें आधींच ओळखीची असलेली ओवी डोळ्यांनीं पाहतांना अक्षर आपोआप लागतें. प्रौढ माणसाला लाज न वाटतां वाचावयास शिकण्याची अशी दुसरी शाळा क्वचित् सांपडेल.

वाचक वाढले, तशी त्यांना अर्थ सांगणाऱ्या जाणत्यांची गरजहि वाढली. विष्णु नरसिंह जोग, म्हणजेच जोगमहाराज, ह्यांनीं १९१७ सालीं आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, आणि तेथें तयार झालेले कीर्तनकार-प्रवचनकार गांवोगांवच्या सप्ताहांत जाऊं लागले. जोगमहाराजांचे शिष्य शंकर वामन उर्फ सोनोपंत दांडेकर हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढें पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि त्याच वेळीं गळ्यांत वीणा घेऊन कीर्तनास उभे राहणारे वारकरी. १९५३ मध्यें निघालेली त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी अनेक मराठी घरांत पोंचली. महाविद्यालय आणि मांडव ह्यांच्यामधील भिंत त्यांच्यापुरती तरी उरली नव्हती.

विद्वानांच्या बाजूनेंहि काम चालूंच होतें. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनीं १९०९ सालीं एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरीची वेगळी प्रत छापली आणि तिच्या भाषेचें व्याकरणहि लिहिलें. ही पोथी एकनाथांच्या पूर्वींची असा त्यांचा दावा होता. त्यावर मोठा वाद माजला. सांप्रदायिक मंडळींना तो पाठ परका वाटला. भाषाभ्यासकांना त्यांत जुन्या रूपांचा ठेवा दिसला. पुढें १९६० मध्यें सरकारी संपादक-मंडळानें जी प्रत सिद्ध केली, तिला राजवाडे-प्रतीचाच आधार घेतला. सप्ताहांत मात्र बहुधा सांप्रदायिक प्रतीच चालतात. प्रतींप्रतींत ओव्यांची संख्या आणि क्रमांक थोडेफार भिन्न असल्यामुळें, एकाच मांडवांत दोन प्रती आल्या कीं सूर अडखळतो. म्हणून वाचकांनीं अमुकच प्रत आणावी, असें चालकांस सांगावें लागतें. एकनाथांपुढील प्रश्न असा अजूनहि मांडवांत येऊन बसतो.

शहरांतील सुशिक्षित माणूस ह्या सर्वांवर एक आक्षेप घेतो, आणि तो टाळून चालणार नाहीं. रोज तेराशें ओव्या धांवत वाचून त्यांतील काय कळतें? ही पोपटपंची नव्हे काय? आक्षेपांत तथ्य आहे. ज्या ग्रंथाचा कर्ता श्रोत्यांकडे सारखें अवधान मागतो, तो नुसता ओठांवरून गेला तर त्याची मागणी पुरी झाली नाहीं हें उघड आहे. कांहीं ठिकाणीं कर्ण्याचा आवाज आणि पंगतीचा थाट ग्रंथावर मात करतात, हेंहि नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु सप्ताहाची मूळ योजना पाहिली तर तींत आक्षेपाचें उत्तर अगोदरच घातलेलें आढळतें. सकाळीं वाचावयाचें, पुढें प्रवचनांत अर्थ ऐकावयाचा, रात्रीं कीर्तनांत एकाच विषयाचा विस्तार पाहावयाचा, अशी ती तिहेरी गुंफण आहे. एकदां वाचून सारें समजलेंच पाहिजे, अशी अपेक्षा तींत नाहीं. पुढच्या वर्षीं पुन्हां यावयाचें आहे, हें तींत गृहीत आहे. जो मनुष्य वीस वर्षें सप्ताहास बसला, त्यानें वीस वेळां सबंध ग्रंथ ओलांडलेला असतो. ज्ञानेश्वरी कपाटांत ठेवून तिच्यांतील चार प्रसिद्ध ओव्या जाणणाऱ्या आपल्यासारख्यांनीं त्यास हंसण्यापूर्वीं थोडें थांबावें, हें बरें.

ह्या इतिहासाचा विचार करतां दोन गोष्टी बरोबरीनें डोळ्यांपुढें राहतात. नुसत्या सभेच्या हातीं ग्रंथ सोंपविला तर तो हळूहळू बदलतो. नुसत्या पंडिताच्या हातीं दिला तर तो शुद्ध राहतो, पण त्याचा आवाज बंद पडतो. एकनाथांनीं दोहोंची सांगड घातली, म्हणून सातशेंहून अधिक वर्षांपूर्वींची मराठी आजहि हजारों साध्या माणसांच्या तोंडीं आहे. ही सांगड प्रत्येक पिढीला नव्यानें घालावी लागते. खेड्यांतील मांडवाजवळ आवाज आहे. शहरांतील घरांजवळ कोश आहेत, सार्थ प्रती आहेत, फुरसतहि अगदींच नाहीं असें नाहीं. भाद्रपद वद्य षष्ठीस एखाद्या घरीं चार-पांच शेजारी जमून बारावा अध्याय मोठ्यानें वाचूं लागले, आणि न कळलेल्या शब्दापाशीं थांबून त्याचा अर्थ शोधूं लागले, तर त्याला अडीचशेंहि ओव्यांचा ऐवज पुरे आहे. मांडव नको, खर्च नको. ज्ञानेश्वरी जयंती पाळावयाची ती एवढ्यानेंहि पाळली जाईल.